व्हिटॅमिन डी कमी निघालं? पुडी कशी घ्यायची, ऊन कोणत्या वेळचं घ्यायचं, टप्प्याटप्प्याने

माझं विदर्भात तालुक्याच्या गावी मेडिकल आहे. बाजाराच्या दिवशी आठ-दहा जण तरी येऊन म्हणतात, "भाऊ, ते हाडाची पुडी दे," म्हणजे व्हिटॅमिन डी ची ६०,००० युनिटची पुडी. कोणी एक मागते, कोणी पंधरा मागते, कोणी म्हणते शेजारणीले फरक पडला म्हणून मलेबी दे. दुसरीकडे असे लोक येतात की रिपोर्टमध्ये डी चा आकडा ९ (२० च्या खाली म्हणजे कमी), सहा महिन्यांपूर्वी पण ९ च होता, मधात दोन पुड्या खाल्ल्या आणि सोडून दिल्या, रोज सकाळी सहाला अंगणात बसून कोवळं ऊन पण घेतलं, तरी आकडा हलला नाही. पुडीही खरी आणि ऊनही खरं, फक्त घ्यायची पद्धत चुकलेली असते, म्हणून सगळं क्रमाने लिहून काढतो. टप्पे उलटसुलट करू नका. पहिले तीन टप्पे झाल्याशिवाय पुडी फोडायची नाही.

एक प्रश्न हमखास येतो, तो आधीच घेतो. "आम्ही दिवसभर वावरात असतो, आम्हाले कसं काय कमी निघते?" आपल्या बाया कापूस वेचायला जातात तेव्हा साडीवर घरधन्याचा फुल बाह्यांचा शर्ट, डोक्याला तोंडाला दुपट्टा, पायात जुने मोजे, म्हणजे उन्हाला दिसते काय तर डोळे आणि बोटं. माणसं पण उन्हाळ्यात सकाळी लवकर जातात, दहाच्या आत परत येतात आणि पाच नंतर पुन्हा निघतात. कातडी सावळी, तिला डी बनवायला गोऱ्या कातडीपेक्षा जास्त वेळ लागते. म्हणून वावरात असणं आणि कातडीला ऊन लागणं या दोन गोष्टी वेगवेगळ्या धरा.

## टप्पा १: टेस्टची गरज आहे का ते बघा

डी कमी असल्याचं दुखणं सांध्यापेक्षा हाडात आणि मांसात जास्त असते. नडग्या, मांड्या, कंबर आतून ठणकते, नडगीवर अंगठ्याने दाबलं तर दुखते, चुलीजवळून उठताना हात टेकवावा लागते, ओटा चढताना मांड्या भरून येतात. असं दोन-तीन महिने चालू असेल, किंवा घराबाहेर न पडणारी म्हातारी माणसं, फिटच्या गोळ्या चालू असलेले, किरकोळ पडण्याने हाड मोडलेले, यांनी डॉक्टरला विचारून टेस्ट करावी. काही त्रास नाही आणि नुसतं बघू म्हणून हजाराच्या आगेमागे पैसे घालायची गरज नाही. अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटीने २०२४ च्या सूचनांमध्ये धडधाकट माणसाची सरसकट तपासणी करू नका असंच सांगितलं आहे.

आता आपल्या भागातली खरी गडबड. हाडं दुखतात म्हणजे डी कमी, असं इकडे धरून चालता येत नाही.

यवतमाळ, चंद्रपूर जिल्ह्यांतल्या बऱ्याच गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे. पाठ-मान ताठ झाली, वाकता येत नाही, घरातल्या पोरांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे आहेत, तर आधी पाणी तपासा. ते दुखणं पुडीने जात नाही.

गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर या पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा पिढीजात आजार आहे. हाडं-सांधे एकदम झटका आल्यासारखे दुखतात, अंगात रक्त कमी राहते, नात्यात कोणाला आहे, तर सरकारी दवाखान्यात सिकलसेलची तपासणी होते, ती करून घ्या.

हातापायाला मुंग्या, तळव्यांची आग असेल तर बी-१२ बघा, विशेष करून अंडी-मांस न खाणाऱ्या घरात. दोन्ही एकाच वेळी कमी निघणारे लोक मी खूप बघतो, मग डी भरून काढतात आणि मुंग्या तशाच राहतात आणि म्हणतात पुडी नकली होती.

थांबा: लहान पोराचे पाय बाकदार होत आहेत, दीड वर्ष झालं तरी चालत नाही, मनगटं जाड दिसतात, तर हा लेख बाजूला ठेवा आणि बालरोग डॉक्टरकडे न्या. तान्ह्या बाळाला झटके आले तर त्याच मिनिटाला दवाखाना.

## टप्पा २: टेस्टचं नाव नीट सांगा, रिपोर्टचं युनिट बघा

टेस्टचं नाव २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी. १,२५-डायहायड्रॉक्सी नावाची दुसरी टेस्ट असते, ती महाग असते आणि डी कमी असला तरी ती नॉर्मल किंवा जास्तही येऊ शकते, म्हणून कागदावर २५ च लिहिलं आहे ना ते बघून घ्या. यासाठी उपाशी जायची गरज नाही. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर लॅबवाल्याला सांगा आणि दोन दिवस आधी बंद ठेवा, काही मशीनवर त्यामुळे आकडा खोटा वाढून येतो.

त्याच सुईत कॅल्शियम, क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते यात दिसते) आणि अल्कलाइन फॉस्फेटेज (हाडांची खबर यात लागते) पण करून घ्या, डॉक्टरला विचारून. गावावरून तालुक्याला यायला बसचं भाडं, मजुरीचा खाडा, हे दोनदा कशाला? आणि कॅल्शियम-क्रिएटिनिन माहीत नसताना मोठा डोस सुरू करणं मला स्वतःला पटत नाही, कारण पुढचा टप्पा त्यावरच उभा आहे.

रिपोर्ट वाचताना आकड्याच्या पुढे काय लिहिलं ते आधी बघा. बहुतेक लॅब नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर मध्ये देतात. त्यात २० च्या खाली कमतरता, २० ते ३० अपुरं, ३० च्या वर पुरेसं, असं आपल्याकडचे बहुतेक डॉक्टर धरतात. १०० च्या वर गेलं तर जास्त झालं, १५० च्या वर विषबाधेची भीती. पण काही लॅब नॅनोमोल प्रति लिटर मध्ये देतात, तो आकडा अडीच पट मोठा असतो. एक दादा रिपोर्टवर ४८ बघून खूष होऊन निघाले होते, मी युनिट बघितलं तर नॅनोमोल, म्हणजे आपल्या भाषेत १९. अडीचने भाग द्या, मगच खूष व्हा.

तपासा: रिपोर्टवर तारीख, नाव, युनिट तिन्ही बरोबर? तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवा, तीन महिन्यांनी लागणार आहे.

## टप्पा ३: या लोकांनी स्वतःच्या मनाने सुरू करायचंच नाही

खाली जे लिहितो त्यातलं एक जरी लागू असेल तरी डॉक्टरला सांगितल्याशिवाय ६०,००० ची पुडी घ्यायची नाही.

किडनीचा त्रास किंवा क्रिएटिनिन वाढलेलं. पूर्णेकाठच्या खारपाण, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या, पट्ट्यातल्या लोकांनी हे हसण्यावारी नेऊ नये, घरात कोणाला किडनीचा त्रास असेल तर आपलं क्रिएटिनिन बघूनच पुढे जा. मुतखडा होऊन गेलेले. रक्तात कॅल्शियम आधीच जास्त असलेले. टीबीची औषधं चालू असलेले, कारण टीबीमध्ये शरीर कधी कधी डी स्वतःच जास्त कामाला लावते आणि कॅल्शियम वर जाते, शिवाय रिफॅम्पिसिन हे टीबीचंच औषध डी ची पातळी खालीही आणते, म्हणजे दोन्हीकडून गोंधळ. हृदयासाठी डिगॉक्सिन चालू असलेले. बीपीसाठी लघवी वाढवणारी थायझाइड गोळी चालू असलेले. फिटच्या फेनिटोइन, कार्बामाझेपिन, फेनोबार्बिटोन या गोळ्यांमुळे डी लवकर संपते, त्यांना डोस वेगळा लागू शकते. गरोदर बाई असेल तर जिथे नाव नोंदवलं त्या डॉक्टरलाच विचारायचं, शेजारणीची पुडी नाही.

माझ्याकडे कोणी आलं की मी पहिले विचारतो, अजून कोणत्या गोळ्या चालू आहेत? लोकांना राग येतो, "पुडी मागतली तं इतलं काहून इचारता?" पण विचारल्याशिवाय मी देत नाही.

## टप्पा ४: हातात काय दिलं ते वाचून घ्या

मेडिकलच्या काउंटरवरून हटायच्या आधी पाकिटावरचं नाव वाचा, वाचता येत नसेल तर सोबतच्या पोराला वाचायला लावा. तीन गोष्टींची सरमिसळ रोज होते.

१. कोलेकॅल्सिफेरॉल ६०,००० युनिट: हीच ती पुडी किंवा कॅप्सूल, कमतरता भरून काढायची. डी-३ म्हणतात ते हेच.

२. कॅल्सिट्रिऑल: हे डी चं तयार, कामाला लागलेलं रूप. किडनीच्या आणि काही वेगळ्या आजारांत डॉक्टर देतात. अंगातला डी चा साठा याने भरत नाही आणि कॅल्शियम लवकर वाढवते. दिसायला हीपण कॅप्सूलच, नाव सारखं वाटते, म्हणून "एकच आहे" म्हणून कोणी दिलं तर घेऊ नका.

३. कॅल्शियमच्या गोळीतलं डी: गरोदरपणात सरकारी दवाखान्यातून मिळते त्या गोळीत ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि २५० युनिट डी-३ असते. ती तिच्या कामासाठी बरोबर आहे. पण आकडा ९ असताना त्यावर विसंबून राहिलं तर भरून निघत नाही.

तान्ह्या बाळाचे थेंब ही वेगळी गोष्ट. पहिलं वर्षभर रोज ४०० युनिट द्यायला बालरोग डॉक्टर सांगतात, पण बाजारात एका मिलीत ४०० वाली बाटली आहे, एका मिलीत ८०० वाली आहे, आणि एकाच थेंबात ४०० वाली पण आहे. जुनी बाटली संपली, दुसऱ्या कंपनीची घेतली आणि माप तेच ठेवलं, ही चूक बाळाला महागात पडते. बाटली बदलली की माप पुन्हा विचारा, आणि ड्रॉपर बाटलीसोबत आला तोच वापरा.

जेनेरिक घेतलं तर चालते, जनऔषधी केंद्रात स्वस्त पडते. कॅप्सूलचं कव्हर बहुतेक वेळा जिलेटिनचं असते, माळकरी किंवा महानुभाव घरातल्यांनी पुडी मागा. डी-३ बहुतेक मेंढीच्या लोकरीच्या मेणापासून काढलेलं असते, ते ज्यांना चालत नाही त्यांनी शाकाहारी लिहिलेलं मागावं, मिळते.

घरी नेल्यावर टिनाच्या छपराखाली, खिडकीत ठेवू नका. मे महिन्यात टिनाच्या घरात कॅप्सूल एकमेकीला चिकटून गोळा होतात. माठाजवळच्या थंड कोपऱ्यात, पण ओल लागणार नाही असं, आणि पोरांच्या हाताला न लागणारं उंच ठिकाण.

## टप्पा ५: पुडी घेणं, आणि इथेच सगळ्यात जास्त चुकते

मोठ्या माणसाला २० च्या खाली निघालं तर साधारण पद्धत अशी की ६०,००० ची एक पुडी आठवड्यातून एकदा, आठ आठवडे. तुमच्या डॉक्टरने वेगळं लिहिलं असेल तर तेच खरं.

आठवड्यातून एकदाच काहून, हे समजलं की चूक होत नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये मोठ्या माणसाची दिवसाची गरज ६०० युनिट सांगितली आहे. म्हणजे एका पुडीत शंभर दिवसांचं आहे. शरीर ते चरबीत साठवते आणि हळूहळू वापरते, लघवीवाटे सहज बाहेर जात नाही. बी-कॉम्प्लेक्ससारखं जास्त झालं की निघून गेलं, असं याचं होत नाही.

आता जे सांगतो ते माझ्या मनातून जात नाही. चार-पाच वर्षांपूर्वी एक काका माझ्याकडून आठ पुड्या घेऊन गेले. चिठ्ठीवर इंग्रजीत दोन अक्षरं होती, ओडब्ल्यू, म्हणजे आठवड्यातून एकदा. मी तोंडाने सांगितलं, पुडीवर लिहून दिलं नाही. आठ दिवसांत आठ संपल्या, पुढच्या त्यांनी दुसऱ्या गावच्या दुकानातून घेतल्या, तिथे त्या अक्षरांना ओडी वाचलं, म्हणजे रोज एक. दीड महिन्याने त्यांचा मुलगा आला, म्हणे बाबा जेवत नाहीत, सारखं पाणी पितात, उलट्या, संडास होत नाही, बोलताना भरकटतात. कॅल्शियम १३ च्या वर निघालं, नॉर्मल साडेआठ ते साडेदहा असते. भरती करून सलाइन लावलं, बरे झाले, पण किडनीला ताण पडला तो पडलाच. तेव्हापासून माझ्या दुकानातून एकही पुडी तारीख टाकल्याशिवाय जात नाही. तुम्ही कुठूनही घ्या, पण हे घरी करा:

१. आठही पुड्या समोर मांडा आणि पेनाने प्रत्येकीवर तारीख लिहा, सात-सात दिवसांच्या अंतराने. पुडी मेणचट असेल तर कागदाची पट्टी चिकटवा.

२. वार ठरवायचा तर आठवडी बाजाराचा ठरवा. बाजाराचा दिवस गावात कोणी विसरत नाही. कॅलेंडर न बघणारी आजी पण बाजार विसरत नाही. फक्त त्या दिवशी तुमचा उपास नको. सोमवारचा बाजार आणि सोमवारचाच उपास असेल तर दुसरा दिवस धरा, श्रावणात तर नक्कीच बघा.

३. दिवसातल्या सगळ्यात भरपूर जेवणासोबत घ्या. डी तेलातुपात विरघळते, कोऱ्या चहासोबत उपाशीपोटी घेतली तर नीट अंगी लागत नाही. बाजाराच्या दिवशी संध्याकाळी तसाही घरात तर्रीचा रस्सा असतेच, नाहीतर वरणावर तेलाची धार, दोन चमचे शेंगदाणे, काहीही चालेल, पण तेल-तूप-दूध यातलं काही पोटात हवं.

४. पुडीतले दाणे अर्ध्या कप दुधात ढवळून लगेच पिऊन टाका, तळाशी राहिलेलं पुन्हा थोडं दूध टाकून प्या. दूध आवडत नसेल तर पाण्यात चालते, जेवण मात्र सोबत पाहिजे.

५. रिकामी पुडी फेकायची नाही. रबर लावून रिपोर्टच्या पिशवीत ठेवा. किती घेतल्या यावर घरात भांडण होत नाही.

विसरलात तर: आठवण आली त्या दिवशी घ्या आणि पुढचे सात दिवस तिथून मोजा, पुढच्या तारखा खोडून नव्या लिहा. राहिलेली आणि आजची अशा दोन एकत्र घ्यायच्या नाहीत.

मोठ्या सुईबद्दल: "एकच सुई मारा, झंझट नको," असं म्हणणारे खूप आहेत, आणि ६ लाख युनिटची सुई देणारेही गावोगाव आहेत. ती काही खास पेशंटसाठी, ज्यांच्या पोटातून औषध अंगी लागत नाही त्यांच्यासाठी, डॉक्टरने ठरवायची गोष्ट आहे. ऑस्ट्रेलियात म्हाताऱ्या बायांना वर्षातून एकदाच तोंडाने ५ लाख युनिट देऊन बघितलं होतं, २०१० साली त्याचा निकाल छापला गेला, तर ज्यांना डोस दिला त्या उलट जास्त पडल्या आणि त्यांची हाडं जास्त मोडली. एकदम भरपूर म्हणजे लवकर बरं, हे गणित इथे बसत नाही.

आराम कधी पडते? पहिल्या दोन-तीन पुड्यांत बहुतेकांना काहीच कळत नाही, मांड्यांची ताकद यायला दोन-तीन महिने जातात. दोन पुड्यांनंतर "काही फरक नाही" म्हणून सोडणारे सगळ्यात जास्त, आणि सहा महिन्यांनी ९ च्या ९ वर तेच येतात.

लगेच बंद करून दवाखाना गाठा: भूक मेली, मळमळ-उलट्या, बद्धकोष्ठ, सारखी तहान आणि सारखी लघवी, सुस्ती, बोलण्यात गोंधळ. जाताना पुड्यांचा गठ्ठा सोबत न्या.

## टप्पा ६: ऊन

पुडी चालू असतानाच उन्हाची सवय लावून घ्या, कारण आठ आठवड्यांनंतर टिकवायचं काम मुख्यतः उन्हाने करायचं आहे. पण आकडा १२ च्या खाली आहे, हाडं ठणकतात, आणि मी फक्त उन्हानेच वाढवतो म्हणाल तर लय वेळ जाईल, त्यात पुडी पाहिजेच.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे सकाळचं कोवळं ऊन. आपल्या आज्या पोरांना तेल लावून सकाळी उन्हात टाकायच्या ते छान, ऊब मिळते, पण कातडीत डी बनवणारे यूव्ही-बी किरण तेव्हा जवळजवळ नसतात. सूर्य तिरका असला की ते वरच्या हवेतच अडतात. सूर्य वर चढला की खाली पोचतात. हे ओळखायला मोबाइल नको, सावली बघा. तुमची सावली तुमच्या उंचीएवढी किंवा त्यापेक्षा छोटी झाली की ऊन कामाचं. सावली लांबलचक असेल तर नुसती ऊब.

आता विदर्भाचा उन्हाळा आणि हा नियम यांची सांगड घालणं महत्त्वाचं आहे, कारण कुठेतरी वाचून "दुपारी १२ ला बसा" म्हणून कोणी मे महिन्यात चंद्रपुरात बसलं तर ऊन लागून जिवावर बेतेल.

दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत: ११ ते दीडच्या मधात. डिसेंबरच्या शेवटी नागपूरच्या भागात सूर्य सव्वाबाराच्या आसपास माथ्यावर येतो आणि तेव्हाही सावली जेमतेम आपल्या उंचीएवढीच होते, म्हणून सावली आणखी छोटी व्हायची वाट बघू नका. अर्धा ते पाऊण तास, आठवड्यातून तीन-चार दिवस. वर्षातले हेच सोन्याचे महिने, कापूस वेचणीचे.

मार्च आणि ऑक्टोबर: १० ते ११, अर्धा तास.

एप्रिल, मे, जूनचा पहिला आठवडा: सव्वानऊच्या सुमारासच सावली उंचीएवढी होते. सव्वानऊ ते पावणेदहा या वेळात पंधरा-वीस मिनिटं, डोकं झाकून, पाणी पिऊन, आणि मग सावलीत. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांत, म्हाताऱ्या माणसांनी, बीपी-हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी हेही नाही केलं तरी चालेल, पुडीचा साठा अंगात असतो.

जुलै-ऑगस्ट: आभाळाचा भरवसा नाही. उघाड मिळाली आणि सावली छोटी दिसली तर बसा, नाहीतर सोडा.

किती अंग उघडं पाहिजे? नुसतं तोंड आणि तळहात पुरत नाहीत. तोंड, डोकं तर झाकलेलंच बरं. हात कोपराच्या वरपर्यंत आणि पाय गुडघ्यापर्यंत उघडे असले की अंगाचा पाव हिस्सा तरी उन्हात येतो. माणसं बनियनवर बसू शकतात, बायांचं तसं नाही, आणि "अंग उघडं करून बसा" असं सांगून मोकळं होणाऱ्यांनी कधी गावातलं अंगण बघितलं नसावं. म्हणून सोय शोधा: घरामागची सांदवाडी, न्हाणीच्या आडोशाला, स्लॅबवर दोन साड्या आडव्या बांधून, गोवऱ्या थापताना किंवा भाजी निवडताना साडी गुडघ्यापर्यंत आणि बाह्या वर, पाठ उन्हाकडे. वावरात असाल तर दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत धुऱ्यावर (बांधावर) बसल्यावर तो फुल शर्ट आणि दुपट्टा काढून ठेवा, पाय पसरून उन्हात ठेवा, भाकर खाऊन होईपर्यंत अर्धा तास होतेच.

थांबा: त्या वावरात नुकतीच फवारणी झाली असेल तर शर्ट काढायचा नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-मजूर गेले, ते विसरण्यासारखं नाही. अशा दिवशी ऊन घरी जाऊन, हातपाय साबणाने धुऊन.

अजून काही शंका असतात त्या पटकन. बंद काचेच्या आडून डी मिळत नाही, गाडीतलं ऊन धरू नका. उन्हात बसून लगेच आंघोळ केली तर डी धुऊन जात नाही, ते कातडीच्या आत बनते. उन्हाने डी जास्त होऊन विषबाधा होत नाही, कातडी जास्तीचं स्वतःच मोडून टाकते, पण कातडी भाजू शकते, म्हणून चुरचुर व्हायच्या आत उठा. डॉक्सिसायक्लिन किंवा मेथोट्रेक्सेट चालू असेल, ल्युपससारखा उन्हाने वाढणारा आजार असेल तर ऊन घ्यायच्या आधी विचारा.

## टप्पा ७: कॅल्शियम ताटात

डी चं काम पोटातलं कॅल्शियम अंगात ओढून घ्यायचं. ताटात कॅल्शियमच नसेल तर ओढणार काय? दिवसाला हजार मिलिग्रॅमच्या आसपास लागते. गायीच्या दुधाच्या मोठ्या पेल्यात अडीचशेच्या जवळपास येते, शेवग्याच्या पानांच्या १०० ग्रॅममध्ये तीनशेच्या वर, न सोललेल्या तिळात १०० ग्रॅमला हजारच्या आसपास, म्हणून रोज दोन चमचे तिळाची चटणी ही लहान गोष्ट नाही. दही, ताक, पावसाळ्यात तरोट्याची भाजी, राजगिरा. खुद्द डी मात्र जेवणातून थोडंच मिळते, अंड्याच्या पिवळ्यात थोडं, तेलकट मासळीत थोडं, आणि निळं प्लस एफ चिन्ह असलेल्या तेला-दुधात घातलेलं असते. तेवढ्याने कमतरता भरत नाही.

कॅल्शियमची गोळी डॉक्टरने दिली असेल तर रक्तवाढीच्या लाल गोळीसोबत एकत्र घेऊ नका, दोन तासांचं अंतर ठेवा, नाहीतर लोह अंगी लागत नाही. गरोदर बाया दोन्ही गोळ्या एकदाच गिळून मोकळ्या होतात, हे मी रोज बघतो.

## टप्पा ८: पुन्हा टेस्ट, आणि त्यानंतर

आठवी पुडी झाली की थांबा. नववी स्वतःच्या मनाने नाही. सुरू केल्यापासून तीन महिन्यांनी तीच टेस्ट, जमलं तर त्याच लॅबमध्ये, कारण लॅब बदलली की पद्धत बदलते आणि आकडे जुळत नाहीत. त्याआधी दर महिन्याला टेस्ट करणं म्हणजे पैसे वाया.

३० च्या वर आलं तर डॉक्टर बहुतेक वेळा महिन्याला एक पुडी किंवा रोजची छोटी गोळी सांगतात, काहींना नुसतं ऊन पुरते. महिन्याची एक ठरली तर महिन्याच्या पहिल्या बाजाराला घ्या आणि पुन्हा तारखा टाका, कारण "महिन्याची" पुडी हळूहळू "आठवण आली तेव्हा" ची होते.

२० च्या खालीच अडकलं असेल तर डोस वाढवायच्या आधी पुड्यांचा गठ्ठा मोजा. आठ रिकाम्या निघाल्या का? जेवणासोबत घेतल्या का? जुलाब, पोटाचा जुना त्रास आहे का, फिटच्या गोळ्या चालू आहेत का? वजन लय जास्त असेल तर तेवढ्याच डोसने आकडा कमी वाढते, हेही असते. मग डॉक्टरकडे जाताना पिशवीत तीन गोष्टी न्या: पहिला रिपोर्ट, आताचा रिपोर्ट आणि तारखा लिहिलेल्या रिकाम्या पुड्या.